दर दोन तासांनी कूस : किल्लारीचा भूकंप, शय्याव्रण आणि शुश्रूषेच्या ज्ञानाचा प्रवास

१/ ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे नुकतीच झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. तीव्रता ६.२. औसा तालुक्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर ही नावे त्या पहाटेपासून जगाला ठाऊक झाली.

२/ मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिला जातो. ५२ गावे पूर्णतः उद्ध्वस्त होऊन नव्या जागी वसवावी लागली. या भूकंपाचे भूगर्भशास्त्र, मदतकार्य आणि पुनर्वसन यांविषयी विपुल लेखन झाले. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेला, पण पुन्हा उठून बसू न शकणारा माणूस पुढची वर्षे कसा जगतो, हा प्रश्न मात्र त्या लेखनाच्या कडेलाच राहिला. हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा आहे.

३/ या भागातील पारंपरिक घर माळवदाचे. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारे हे छत झोपलेल्या माणसावर कोसळले, की कंबर, मांड्या आणि मणका मोडतो. मणक्यातील मज्जारज्जूला इजा झाली, तर त्याखालच्या शरीराची हालचाल जाते आणि तिच्याबरोबर संवेदनाही जाते.

४/ संवेदना जाणे ही बाब वरवर दुय्यम वाटते, परंतु प्राणघातक धोका तिच्यातच दडलेला असतो. निरोगी माणूस गाढ झोपेतही अनेकदा कूस बदलतो, कारण दबलेला भाग दुखू लागतो आणि शरीर त्याची तक्रार ऐकते. ज्याला ती तक्रार ऐकूच येत नाही, तो ठेवला तसा पडून राहतो. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग, जिथे जिथे हाड कातडीच्या जवळ आहे तिथे तिथे मांस हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये चिरडले जाते.

५/ यूजीन लँडिस या अमेरिकी संशोधकाने १९३० साली माणसाच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांमधील रक्तदाब मोजला. केशवाहिनीच्या आरंभी तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतकाच भरला. शरीराच्या वजनाने पडणारा दाब याहून सहज अधिक होतो. रक्त पोहोचत नाही आणि पेशी मरू लागतात. हा नाश पुष्कळदा आत, हाडाजवळ सुरू होतो. कातडीवर डाग उमटतो तेव्हा आतील हानी बरीच पुढे गेलेली असू शकते. यालाच शय्याव्रण म्हणतात. बोलण्यात ‘बेडसोअर’ किंवा ‘पाठीला जखमा होणे’.

६/ १९९३ सालचा लातूर परिसर वैद्यकीयदृष्ट्या कसा होता? लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झालेला. शहरात डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली उभारलेले विवेकानंद रुग्णालय होते, सरकारी रुग्णालय होते, खासगी वैद्यकीय महाविद्यालयही होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मात्र अंबाजोगाई आणि नांदेड येथे. लातूरला ते २००२ साली आले. जखमींना लातूर, उमरगा, सोलापूर असे मिळेल तिथे हलवण्यात आले.

७/ रुग्णालयात हाड बसवले जाते, जखम शिवली जाते आणि काही आठवड्यांनी रुग्ण घरी जातो. किल्लारी परिसरात ते ‘घर’ म्हणजे तेव्हा पत्र्याचे तात्पुरते निवारे होते. तिथे रात्री रुग्णाची कूस कोणी बदलायची? उत्तर सर्वांना ठाऊक होते : आईने, बायकोने, सुनेने, मुलीने. पण ती कशी आणि किती वेळाने बदलायची, न बदलल्यास काय होते, हे त्यांना कोणी शिकवले होते का? या ज्ञानाचा प्रवास फार जुना आहे आणि तो वारंवार उंबरठ्याबाहेरच थांबलेला दिसतो.

८/ चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत असा दंडक आहे : सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी स्नेह आणि शुचिता. ज्ञानाचा उल्लेख स्नेहाच्या आधी येतो, हे लक्षणीय आहे. केवळ माया असून भागत नाही, हे त्या ग्रंथकारांनी ओळखले होते.

९/ त्याच सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आतुरालयाची सिद्धता वर्णिली आहे. तिथे नेमायच्या माणसांच्या यादीत स्वयंपाकी, स्नान घालणारे आणि अंग रगडणारे आहेतच. त्यांच्या जोडीला ‘उत्थापक’ आणि ‘संवेशक’ हेही आहेत. म्हणजे रुग्णाला उठवणारे आणि नीट निजवणारे. आजाऱ्याला उचलणे आणि निजवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, ही जाणीव इतकी जुनी आहे.

१०/ युरोपात सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रुवाझ पारे यांनी बंदुकीच्या गोळीने जखमी होऊन महिनोनमहिने पडून राहिलेल्या एका उमरावाच्या उपचाराची हकीकत लिहून ठेवली आहे. त्या उमरावाला शय्याव्रण झाला होता. पारे यांनी अंथरूण बदलायला लावले, स्वच्छ चादरी घातल्या, आहार सुधारला आणि दुखऱ्या भागावर भार येऊ नये म्हणून मऊ पिसांची छोटी उशी योजली. चार शतकांनंतरही या उपायांत चुकीचे असे काही सापडत नाही.

११/ मग ज्ञान मागे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसचे विख्यात मेंदूविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांनी असे मत मांडले, की शय्याव्रण हा मज्जासंस्थेच्याच बिघाडाचा परिणाम होय. नसा निकामी झाल्या की कातडी आपोआप मरते, आणि असा व्रण हे मृत्यूचे पूर्वचिन्ह. शार्को यांचा अधिकार एवढा मोठा होता, की व्रण अटळ मानला जाऊ लागला. जे अटळ, त्यासाठी रात्री कोण जागणार?

१२/ वास्तविक त्याआधीच, १८५० च्या दशकात, ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून याच्या उलट दाखवले होते. मज्जारज्जू कापलेल्या प्राण्याचे शरीर स्वच्छ ठेवले आणि एकाच जागी दाब येऊ दिला नाही, तर व्रण होत नाही. झालेला व्रणही भरून येतो. दोष दाबाचा आणि अस्वच्छतेचा आहे, हे त्यातून स्पष्ट होत होते. परंतु शार्को यांच्या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला.

१३/ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात शय्याव्रणाचा दोष सामान्यतः रोगाकडे नव्हे, तर शुश्रूषेकडे जातो, असे निःसंदिग्धपणे सांगितले. हा विचार क्रांतिकारक होता, कारण जे शुश्रूषेच्या दोषाने घडते ते शुश्रूषेने टाळताही येते. मात्र त्याला दुसरी धारही आहे. शिकवलेल्या परिचारिकेला हा दोष लावणे न्याय्य ठरेल; जिला कधी कोणी काही शिकवलेच नाही, त्या सुनेला तोच दोष लावणे न्याय्य ठरेल काय?

१४/ पहिल्या महायुद्धात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांपैकी बहुसंख्य पुढे दगावले. मारक ठरले ते प्रामुख्याने मूत्रमार्गातील आणि शय्याव्रणांतील जंतुसंसर्ग. चित्र पालटले ते १ फेब्रुवारी १९४४ पासून. नाझी राजवटीतून निसटून १९३९ साली इंग्लंडला आलेले ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ लुडविग गुटमन यांच्या हाती त्या दिवशी स्टोक मँडव्हिल येथील मणका-इजा विभाग सोपवण्यात आला.

१५/ गुटमन यांनी कोणतेही नवे औषध शोधले नाही. त्यांनी एक शिस्त लावली : प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलली जाईल, दिवसा आणि रात्रीही. त्यासाठी हाताखालची माणसे शिकवून तयार केली. व्रण टळू लागले, रुग्ण जगू लागले, आणि जगू लागल्यावर खेळूही लागले. १९४८ साली त्याच आवारात भरलेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक चळवळ उभी राहिली.

१६/ या चळवळीशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे पुण्याजवळ खडकी येथे मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्रही उभे राहिले.

१७/ सैन्याजवळ शिस्त होती आणि मनुष्यबळ होते. गावाजवळ काय होते? १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालानुसार संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारण ४३,००० माणसांमागे एक. मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने मुलींना परिचारिकेचे शिक्षण देण्याचा मार्ग खुला केला होता, पण तो ओघ खेड्यापर्यंत पोहोचायला फार काळ जायचा होता.

१८/ परिणामी आपल्याकडे एक विलक्षण व्यवस्था रूढ झाली. रुग्णालयातसुद्धा खाटेजवळ चटई टाकून बसलेला नातेवाईकच रुग्णाला पुसतो, भरवतो, उचलतो. घरी गेल्यावर तर सारा भार त्याच्यावरच, आणि बहुधा तिच्यावरच. या कामाला वेतन नाही, सुटी नाही आणि शिक्षणही नाही. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ऐकायची इच्छा तिथे पुरेपूर होती. सांगणारे कोणी नव्हते.

१९/ सांगणारे नसले, की ऐकीव उपाय जागा भरून काढतात. लाल झालेल्या भागाला स्पिरिट चोळणे, भरपूर पावडर मारणे, माकडहाडाखाली रबरी चक्री ठेवणे, जखम दिव्याच्या उष्णतेने सुकवणे. यांतील काही उपाय तर रुग्णालयांतूनच घरोघरी गेले. आज ते त्याज्य ठरले आहेत. चोळल्याने आतील दुखावलेले मांस अधिकच फाटते. चक्रीमुळे तिच्या कडेवर दाब एकवटतो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांत दाखवले, की ओलसर राखलेली वरवरची जखम सुकवलेल्या जखमेपेक्षा कितीतरी वेगाने भरते.

२०/ ज्ञान गावातील सामान्य स्त्रीच्या हाती देता येते, याचा पुरावा मराठवाड्याच्या सीमेवरच उभा होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केले. अक्षरओळखही नसलेल्या अनेक स्त्रिया तिथे आरोग्य-कार्यकर्त्या झाल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननेही खेड्यातील स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले.

२१/ योगायोग असा, की किल्लारी कोसळली त्याच १९९३ साली केरळात कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिहारक सेवेची संस्था सुरू केली. परिहारक सेवा म्हणजे रोग बरा होणार नसला तरी वेदना आणि हाल कमी करणारी सेवा. पुढे तिथे शेजारीपाजारी स्वयंसेवकच प्रशिक्षण घेऊन घरोघरी जाऊ लागले. अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ तपासणे आणि घरच्यांना ते शिकवणे हा त्या भेटींचा नित्य भाग झाला.

२२/ शासनाची पावले नंतर पडली. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती गावात आली. २०१२ साली परिहारक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. धोरण कागदावर उतरले. ते प्रत्येक उंबरठा ओलांडून आत गेले, असे मात्र म्हणता येणार नाही.

२३/ इतक्या वळणांनंतर जे ज्ञान हाती आले, ते दहा मिनिटांत सांगता येते. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी : डावी, पाठ, उजवी. पूर्ण आडवे खुब्यावर न निजवता पाठीमागे उशी देऊन किंचित कलते ठेवावे. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवाव्यात. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दुमडलेली चादर किंवा मऊ वाकळ ठेवावी.

२४/ रुग्णाला वर सरकवताना ओढू नये; अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी उचलावे, कारण घासण्यानेही कातडी सोलते. चादरीला चुणी नको, अंथरुणात कण नकोत, लघवी-शौचाने अंग ओले राहू नये. खुर्चीवर बसणाऱ्याने दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलवावा. डॉक्टरांनी पथ्य सांगितले नसेल, तर डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे असा प्रथिनयुक्त आहार द्यावा. पाण्याची वा हवेची गादी उपयोगी आहे, पण ती कूस बदलण्याला पर्याय नव्हे. गादी आणि रुग्णाची स्थिती पाहून डॉक्टर हे अंतर कमी-जास्त करू शकतात.

२५/ एक बाब पाश्चात्त्य पुस्तकांनी फार उशिरा लक्षात घेतली. ‘कातडी लाल झाली का पाहा’ ही सूचना गोऱ्या कातडीसाठी लिहिलेली आहे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने स्पर्श करून पाहावे लागते : तो भाग भोवतालपेक्षा गरम, थंड, कडक किंवा पिचपिचीत लागतो का, त्याचा रंग जांभळट वा अधिक गडद झाला आहे का? रोज एकदा उजेडात सगळी हाडाळ ठिकाणे तपासावीत. कातडी फुटली, काळी पडली, दुर्गंधी येऊ लागली किंवा ताप आला, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

२६/ पण सांगायला सोपे आणि करायला कठीण, असे या ज्ञानाचे स्वरूप आहे. दर दोन तासांनी म्हणजे दिवसातून १२ वेळा, वर्षातून ४,३८० वेळा. ज्या घरात खुरपणीला गेल्याशिवाय चूल पेटत नाही, तिथे दुपारी बाराला आणि दोनला कूस कोण बदलणार? रात्री दोनला आणि चारला कोण उठणार? एका स्त्रीला हे वेळापत्रक वर्षभर पेलणे अशक्य आहे. म्हणून शिकवायचे ते एकीला नव्हे, घरातील सर्वांना : मुलाला, सासऱ्याला, शेजाऱ्यालाही.

२७/ आणखी एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. बहुतेक शय्याव्रण टाळता येतात. सगळेच टाळता येत नाहीत. आयुष्याच्या अखेरीस शरीर खचते, रक्तपुरवठा मंदावतो आणि उत्तम काळजी घेऊनही कातडी फुटू शकते. अशा वेळी ‘नीट केले नाही’ हा शब्द वर्षानुवर्षे जागलेल्या माणसाच्या पदरात टाकणे क्रूरपणाचे आहे.

२८/ आज लातूर-नांदेडमध्ये अंथरुणाला खिळणाऱ्यांना भूकंपाने पाडलेले नसते. लकवा, दुचाकीचे अपघात, म्हातारपणी मोडलेला खुबा, कर्करोग ही आजची कारणे आहेत. दोन्ही शहरांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. घरी सोडण्याच्या दिवशी औषधांची चिठ्ठी हाती पडते. कूस कशी बदलायची हे नातेवाइकाकडून एकदा प्रत्यक्ष करवून घेतले, तर त्या चिठ्ठीइतकाच त्याचा उपयोग होईल.

२९/ किल्लारीच्या पुनर्वसनात याचा एक धडा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या त्या कार्यक्रमात घरांच्या दुरुस्ती-मजबुतीसाठी गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले गेले. त्यांनी भूकंपरोधक बांधकामाची माहिती घेतली, ती इतरांना समजावून दिली आणि कामावर देखरेखही केली. भिंत कशी टिकते, हे केवळ अभियंत्यांना ठाऊक असणे पुरेसे नाही. त्या भिंतीआड राहणाऱ्यांनाही ते कळले पाहिजे, हे तेव्हा मान्य झाले.

३०/ अंथरुणाच्या बाबतीत तीच मान्यता अजून पुरती मिळायची आहे. चरकाने ‘संवेशक’ हे स्वतंत्र पद मोजले, पारे यांनी उशी ठेवली, गुटमन यांनी घड्याळ लावले. त्यांचे ज्ञान आता औसा, निलंगा, कंधार, मुखेडच्या घरांत, रात्री दोनला उठणाऱ्या माणसापर्यंत पोहोचायचे आहे. त्याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. दोन उशा, एक आडवी चादर, पाळी वाटून घेणारी चार माणसे आणि एकदा नीट करून दाखवणारी एक परिचारिका, इतके पुरते.